किंमत विनंतीवरून

दुकानांचे मी दोनच प्रकार मानतो. ज्या दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवताच आतून “या, या!” असा आवाज येतो ते एक, आणि आत शिरल्यावर आपल्यालाच “येऊ का?” असं विचारावंसं वाटतं ते दुसरं. आमच्या जवळा बाजारात दुसऱ्या प्रकारचं दुकान नाही. गावाच्या नावातच बाजार असल्यामुळं ‘या’ म्हणण्यात इथं कुणी कंजुषी करत नाही. औंढा नागनाथ तालुक्यातलं हे गाव सोयाबीन, हळद आणि तुरीच्या पोत्यांवर उभं आहे. माल रस्त्यापर्यंत आलेला असतो आणि दुकानदार मालाच्याही पुढं आलेला असतो. बाजाराच्या दिवशी तुम्ही वांगं हातात घ्या, दाबा, नखानं टोचा आणि शेवटी “किडकं आहे” म्हणून परत ठेवा. भाजीवाली रागावत नाही. फक्त तुमच्या घराण्याची थोडी मोठ्यानं विचारपूस करते, एवढंच.

दुसऱ्या प्रकारच्या दुकानाशी माझा संबंध आयुष्यात एकदाच आला. मुंबईत फोर्टमध्ये पाऊस लागला म्हणून एका दुकानाच्या छपराखाली उभा राहिलो होतो. आतल्या माणसानं काचेतून माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की मी निमूटपणे पावसात गेलो. पाऊस त्या मानानं बराच प्रेमळ वाटला.

पण माणसानं कितीही टाळलं तरी प्रसंग यायचा तो येतोच. आता ते दुकान मोबाईलमधून थेट माझ्या सदऱ्याच्या खिशात येऊन बसलं आहे. तिथं मला नेलं ते मामांनी.

मामा म्हणजे साऱ्या गावाचे मामा. बसस्टँडच्या अंगाला त्यांचं वहाणांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्र्याचा आडोसा, एक लाकडी पेटी, रापी, आरी आणि मामा. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं आणून ते वहाण बांधतात. खिळा नाही, डिंक नाही. कातड्याच्याच वादीनं शिवायचं. अशी वहाण पहिले आठ दिवस पायाला चावते आणि पुढची पाच वर्षं पायाला सोडत नाही. किंमत आठशे रुपये. ती पेटीवर खडूनं लिहिलेली असते आणि गिऱ्हाईक ती वाचून “साडेसहाशे!” असं म्हणतं. मामांचा मुलगा पुण्याला एका मोठ्या मॉलमध्ये, घड्याळांच्या एका परदेशी दुकानाच्या दाराशी, टोपी घालून उभा असतो. दार उघडायचं आणि मिटायचं, हे काम. “बारा तास दार उघडतो, पन आत अजून गेला न्हाई,” असं मामा सांगतात. हे सांगताना ते हातातली रापी जरा जास्तच जोरात चालवतात. दुकान मोडून जागा भाड्यानं द्यावी, असं त्यांच्या मनात दोन वर्षांपासून घोळत होतं. एक मोबाईल रिचार्जवाला मागे लागलेलाच होता.

अशात वर्तमानपत्रात ती बातमी आली. तुम्हीही वाचली असेल. जून २०२५ मध्ये इटलीत, मिलान शहरात, प्राडा नावाच्या बड्या पेढीनं पुरुषांच्या कपड्यांचा सोहळा केला. त्यात मॉडेल मंडळी पायात जे घालून चालली, ते पाहून अख्ख्या कोल्हापूरनं आपापल्या पायांकडं पाहिलं. पेढीनं त्याला नुसतं ‘चामडी सॅंडल’ म्हटलं होतं. इकडं बोंब उठली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. मग पेढीनं कबूल केलं, की होय, प्रेरणा तिकडचीच. पुढं डिसेंबर २०२५ मध्ये आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं महामंडळ यांच्याशी करार झाला. इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड बनवून घ्यायचे आणि जगभरच्या चाळीस दुकानांत व इंटरनेटवर विकायचे, असं जाहीर झालं. किंमत सुमारे आठशे युरो.

आठशे! मामांच्या डोक्यात तो आकडा वादीसारखा ओवला गेला. आकडा तोच, फक्त पुढचं नाणं वेगळं. हिशेब केला तर रुपयांत ऐंशी हजारांच्या वर.

“गुर्जी,” मामा म्हणाले, “मला त्या चपलीचं टाकं बगायचंय.”

“टाकं?”

“तळाचं. टाकं बगितलं की मला कळतंय, बांदणारा जेवून बसला व्हता का उपाशी.”

मानांकनात आपला जिल्हा नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे, एवढ्याच कारागिरांना ‘कोल्हापुरी’ म्हणता येतं. हिंगोलीच्या मामांनी तशीच्या तशी वहाण बांधली तरी ती कायद्यानं नुसतीच वहाण. मामांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांना टाका पाहायचा होता.

मिलानच्या पेढीची ती जोडी तेव्हा अजून विक्रीला यायची होती. म्हणून आम्ही तशाच दुसऱ्या एका खानदानी पेढीच्या संकेतस्थळात शिरायचं ठरवलं. त्या पेढीचं नाव मी सांगत नाही. सांगायचं म्हटलं तरी जमणार नाही. त्या नावात अक्षरं नऊ आहेत आणि उच्चार तिघांचाच होतो. मोबाईल माझा, चालवणारी माझी नववीतली नात आणि मागणी मामांची, अशी आमची त्रिस्थळी यात्रा निघाली.

दारातच अडवणूक झाली. पडद्यावर पाटी आली, की आम्ही कुकीज वापरतो. मी म्हटलं, पद्धत चांगली आहे, आधी बिस्किटं देतात. नात म्हणाली, “आबा, बिस्किटं नव्हेत. तुम्ही कुठं कुठं फिरता ते लिहून ठेवायची वही.” म्हणजे पाहुणचार नव्हे, पाळत! खाली दोन बटणं होती. ‘सगळं मान्य’ हे पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकाएवढं ठळक. आणि ‘अमान्य’ हे सावकाराच्या कागदावर व्याजाचा दर लिहितात तेवढं बारीक. युरोपात २०१८ पासून याबाबतचा कायदा कडक झाला आणि गिऱ्हाइकाची संमती घ्या म्हणाला. पुष्कळशा पेढ्या ती आमच्याकडे पूर्वी लग्नात नवऱ्या मुलीची घेत, तशी घेतात.

मग देश विचारला. भली लांब यादी. मोनॅको होता, लक्झेंबर्ग होता, भारत सापडेना. शेवटी नातीनं यादीचा तळ गाठला. तिथं एकच ओळ होती: ‘उर्वरित जग’. जवळा बाजार उर्वरित जगात मोडतो, हे मला अधिकृतपणे त्या दिवशी कळलं. एस. टी.च्या वेळापत्रकावरून संशय होताच.

नातीनं ‘उर्वरित जग’ दाबलं आणि चाक फिरायला लागलं. ते फिरतच राहिलं. आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याच तालुक्यात, दुधाळ्याच्या माळावर, ‘लायगो’ची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीचे तिचे दोन बाहू असणार आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी अंतराळात कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली असतील, तर त्या धक्क्याची लहर आमच्या तालुक्याला समजेल. मोबाईलची लहर मात्र मारुतीच्या पारावर चढल्याशिवाय समजत नाही. सबब आम्ही तिघं पारावर गेलो. पारावर मोबाईलभोवती तीन माणसं दिसली, की चौथा येतो. थोड्या वेळात आम्ही चौदा जण झालो.

इतक्या लोकांसमोर एकदाचा पडदा उजळला. अथांग वाळवंट. वारा. व्हायोलिन. दुरून एक बाई चालत येत होती. सगळे श्वास रोखून. बाई जवळ आली, आणखी जवळ आली. ती अनवाणी होती.

“चपलीचं दुकान हाय ना?” मामा म्हणाले. “मंग हिला कामून दिल्या न्हाईत?”

चलचित्र थांबवायचं बटण शोधलं, नव्हतं. माझा दिवसाचा दीड जीबीचा रतीब ती बाई चालता चालता पिऊन टाकत होती. संगणकावर माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारे जेकब नीलसन म्हणून एक गृहस्थ आहेत. दहा सेकंदांच्या वर थांबावं लागलं, की माणसाचं चित्त दुसरीकडं जातं, असं त्यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. पारावरच्या मंडळींचं चित्त दहाव्या सेकंदाला सोयाबीनच्या भावाकडं गेलंही होतं. लंडनला १९९९ मध्ये बू डॉट कॉम नावाचं कपड्यांचं एक थाटाचं दुकान असंच इंटरनेटवर उघडलं होतं. तेव्हाची जोडणी टेलिफोनच्या तारेवरची, आणि यांनी पानं केली पैठणीसारखी भरजरी. कपडे गोल फिरवून दाखवायचे, वर मदतीला ‘मिस बू’ नावाची एक चित्रातली बाई. गिऱ्हाईक पान उघडायची वाट बघत बसायचं आणि कंटाळून खऱ्या बाजारात जाऊन सदरा घेऊन यायचं. सुमारे साडेतेरा कोटी डॉलर पोटात घालून मे २००० मध्ये त्या दुकानाचं दिवाळं वाजलं. त्यातून बाकीचे व्यापारी शिकले, की गिऱ्हाइकाला खोळंबवू नये. खानदानी पेढ्या काय शिकल्या, हे मला त्या वाळवंटात नीटसं दिसलं नाही.

वाळवंट संपल्यावर अक्षरं आली. पांढऱ्यावर फिकट करडी. धुक्यात पांढरी गाय उभी असावी तशी. मी चष्मा पुसला, नातीनं तिचे कोवळे डोळे बारीक केले. वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी नावाची संस्था आहे. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजेडात निदान साडेचारास एक एवढं अंतर असावं, असा तिचा निकष आहे. हा निकष लिहिणाऱ्याचं भलं होवो. त्याच्या घरी कुणीतरी म्हातारं माणूस असलं पाहिजे. बरं, जी अक्षरं लागली ती अशी: ‘विश्व’, ‘वारसा’, ‘प्रवास’, ‘शोध’. चप्पल कुठंच नाही! आमच्याकडे पाटीवर ‘चप्पल’ लिहितात आणि आत चप्पल असते. इथं ‘वारसा’ दाबलं तर मिशाळ आजोबा निघाले, ‘प्रवास’ दाबलं तर एक बोट निघाली. ‘शोध’ दाबल्यावर पुन्हा ती बाई. या वेळी तिच्या खांद्याला पर्स होती. पाय अजून उघडेच.

शेवटी नातीनं कुठल्या आडवाटेनं कोण जाणे, पण एक सॅंडल काढली. पारावर हर्ष झाला. फोटोत सॅंडल अर्धीच होती, उरलेली चौकटीच्या बाहेर. दुसऱ्या फोटोत ती एका दगडावर ठेवली होती आणि तिच्यावर लिंबू. “मिरच्या कुठंयत?” असं कुणीतरी विचारलं. मामांनी मोबाईल हातात घेतला. दोन बोटांनी चित्र ताणलं तर सॅंडल सरकून दगडच मोठा झाला. मामांनी मोबाईल उलटा करून पाहिला. मला वाटलं, हसावं; पण मामांच्या तोंडाकडं बघून कुणी हसलं नाही. चपलेचा तळ पाहायचा तर चप्पल उलटी करतात, हे त्यांच्या हाताला चाळीस वर्षं माहीत होतं.

आणि किंमत? किंमतीच्या जागी तीन शब्द: ‘किंमत विनंतीवरून मिळेल’.

हे वाचून पारावर बसलेले एक वयस्कर गृहस्थ, जे पूर्वी बैलबाजारात दलाली करत, एकदम खूश झाले. “हे आपलंच की!” म्हणाले. खरंच होतं. बैलाचा सौदा पूर्वी रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायचे, तोंडानं पावसापाण्याचं बोलायचे. आणि चारचौघांत उभा असलेला बैलाचा मालक सोडून बाकी सगळ्यांना वाटायचं, की काहीतरी मोठं चाललंय. पुढं बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आले. आता हळदीचा भाव ओरडून सांगतात. आम्ही रुमाल टाकून दिला, तो या पेढ्यांनी उचलला; शिवाय रेशमी करून घेतला. शनेलचं पाहा. त्यांची अत्तरं आणि पावडरी इंटरनेटवर खुशाल विकत मिळतात. पण कपडे आणि पर्स हव्या असतील तर दुकानात या, असं त्यांचं धोरण. ज्याला किंमत विचारावी लागते त्याला ती परवडत नाही, असा हा कारभार.

मामा म्हणाले, “इचारा.”

विचारायला अर्ज भरायचा होता. सुरुवातीलाच उपाधी निवडा म्हणे. श्री., श्रीमती, डॉक्टर, मग काउंट आणि बॅरनसुद्धा. गुरुजी नव्हतं. आडनाव मागितलं, पण वडिलांच्या नावाला जागा नाही. आमच्या गावात एकाच नावा-आडनावाचे चौघे आहेत, चौकशी कुणाकडं जाणार? पत्त्यात रस्त्याचं नाव हवं, घर क्रमांक हवा. मी लिहिलं: मारुतीच्या पाराजवळ. तांबड्या अक्षरांत उत्तर आलं, की पत्ता अवैध. चाळीस वर्षं त्या पत्त्यावर माझं पेन्शनचं, लग्नाचं, दहाव्याचं सगळं टपाल बिनबोभाट आलं आहे.

मग पिनकोड. पिनकोड हा आपला माणूस आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्यामागं टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर होते. मराठी माणूस, शिवाय संस्कृतातले कवी. भाषा कुठली का असेना, गावाच्या नावाचं स्पेलिंग कसं का असेना, सहा आकड्यांवर पत्र बरोबर पोचावं, हा त्यांचा हेतू. आपल्याकडचे आकडे चारानं सुरू होतात. आमच्या बाजूचे चारशे एकतीसनं. मी मोठ्या विश्वासानं सहा आकडे घातले. पेढीचं म्हणणं पडलं, की आकडे पाचच हवेत. वेलणकरांनी एवढं डोकं चालवलं, त्यातला एक आकडा मी कुठल्या तोंडानं पुसणार होतो? नातीनं तो माझ्या देखत पुसला. अर्ज पटकन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मुंबईहून कुणी ‘ग्राहक सल्लागार’ बाई बोलत होत्या. आवाज इतका मऊ, की मी उठून उभा राहिलो. किंमत एक लाख बारा हजार. मी तशाच अवस्थेत मामांच्या दुकानाकडं चालत गेलो आणि मामांनी शिकवल्याप्रमाणं विचारलं, की तळाचा टाका हाताचा आहे का? बाई म्हणाल्या, “सर, तो एक अनुभव आहे.” मी पुन्हा विचारलं. म्हणाल्या, आपण मुंबईला दुकानात आलात तर दाखवता येईल, येण्याआधी वेळ घ्यावी.

मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. रापी खाली ठेवली. म्हणाले, “टाका दाखवत न्हाईत, म्हंजे मशीनचा हाय.”

एका वाक्यात निकाल. पुढं चार दिवसांनी त्यांनी पेटीवरचा खडूचा आठशेचा आकडा पुसून टाकला. मला वाटलं, संपलं; रिचार्जवाला जिंकला. तसं नव्हतं. आमच्या पंचक्रोशीतले एक माजी सभापती वहाण बघायला आले. दोन-तीन जोड चाचपून “केवढ्याला?” म्हणाले. मामांनी मान वर केली नाही. “नाव आन् पायाचं माप लिवून ठिवा. कळवतो.”

सभापती गेले. मी म्हटलं, मामा, हातचं गिऱ्हाईक घालवलंत. सभापती तिसऱ्या दिवशी परत आले. मग पाचव्या दिवशी. कॅनडातल्या आणि अमेरिकेतल्या वॉर्ड आणि डाल या दोन अभ्यासकांनी २०१४ मध्ये एक निबंध छापला होता. श्रीमंती दुकानातल्या विक्रेत्यानं झिडकारलं, की ज्याला त्या मालाची हाव आहे त्याला तो आणखीच हवासा वाटतो, असं त्यात दाखवलंय. मात्र विक्रेता त्या थाटाला शोभणारा हवा आणि काही दिवसांनी गिऱ्हाइकाची ती ओढ ओसरते, असंही त्यात आहे. मामांनी तो निबंध वाचलेला नाही. पण त्यांनी त्या पाच दिवसांत फाटकी बंडी बदलून इस्त्रीची घातली होती, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

सभापतींनी बाराशे मोजले. घासाघीस केली नाही. दुसरे एक जण मात्र “फार शाणा झाला” असं म्हणून समोरून प्लास्टिकची घेऊन गेले, आणि त्या आठवड्यात तसे आणखी तिघं गेले. मामांनी मला हिशेब मांडायला लावला. बाराशेच्या दोन जोडी विकल्या, आठशेच्या चार बुडाल्या; पाटी पुसून हाती उरला तो तोटाच, चार कातड्यांचा विचार केला तरी. मी तसं सांगितलं. मामा म्हणाले, “आसू द्या. टाका तेवढाच घातला ना?”

त्या पेढीचं म्हणाल तर ती मला विसरलेली नाही. आठवड्याला दोन पत्रं येतात. “प्रिय काउंट,” असा मायना असतो. नातीनं घाईत कुठली उपाधी दाबली ते आत्ता उघड झालं. आपल्या पिशवीत काहीतरी राहून गेलं आहे, अशी आठवण करून देतात. हे थांबवायचं असेल तर तळाशी बारीक अक्षरांत एक सोय आहे म्हणतात. सौ. भिंग घेऊन शोधते आहे.

मामांचा मुलगा दिवाळीला आला होता. दुकानात दोन तास बसला. मामांनी त्याला सगळी हकीकत सांगितली, तेव्हा तो म्हणाला, “आबा, आमच्याकडं तर गिऱ्हाइकाला पाणी पन देत्यात, काचेच्या बाटलीत.” मामा जरा विचारात पडले. मग त्याच्या हातात आरी दिली आणि म्हणाले, “ते पाण्याचं नंतर बगू. हा पट्टा धर आधी.” पट्टा त्यानं धरला. सुट्टी आठ दिवसांची होती.